बिल्ल्यांच्या खोलीतल्या वाघमारेबाई

वाघमारेबाईंना ‘जवळजवळ’ हा शब्द चालत नसे. आम्ही हैदराबादेत, मलकपेठेत त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो, त्याच आठवड्यात माझ्या मुलीला ताप भरला. आम्ही पुण्याहून आलेलो, दोघांच्याही नोकऱ्या सॉफ्टवेअरमधल्या, शहर अनोळखी. मी खाली जाऊन दार वाजवलं. एका ठेंगण्या, सावळ्या बाईंनी दार उघडलं. पांढऱ्या केसांची घट्ट वेणी, सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. जवळपास चांगला डॉक्टर कोण आहे असं मी विचारलं, मुलीला खूप ताप आहे म्हणून सांगितलं.

“मोजला का?” त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, अंग नुसतं भाजतंय. त्या आत गेल्या, थर्मामीटर घेऊन माझ्या मागोमाग जिना चढल्या, आणि एका कागदावर वेळ आणि ताप लिहून माझ्या हातात दिला. दोन तासांनी पुन्हा बघा म्हणाल्या आणि दोन तासांनी स्वतःच येऊन बघून गेल्या. संध्याकाळी डॉक्टरांनी तो कागद पाहिला आणि घरात कुणी नर्स आहे का, असं विचारलं.

नर्स नव्हत्या. त्या अणुवीज केंद्रात होत्या, हे मला नंतर कळलं.

आमच्या गल्लीत त्यांना बरीच नावं होती. भाजीवाली त्यांना लीलम्मा म्हणायची, इस्त्रीवाले चाचा अम्मा म्हणायचे आणि आम्ही चार-पाच मराठी घरं नुसतं बाई म्हणायचो. त्यांचं माहेर नांदेडकडचं. वडील रेल्वेच्या रुळांवर गँगमन होते. बाईंच्या बोलण्यात तिकडचं ‘काय करायलीस’ होतं आणि पन्नास वर्षांच्या हैदराबादेनं त्यात ‘हौ’ आणि ‘नक्को’ मिसळून दिलं होतं. वाघमारे बँकेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा आनंद बंगळुरूला. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली कपाटात पुस्तकं, आणि दर रविवारी सकाळी गल्लीतली मराठी पोरं जमिनीवर बसून धडे वाचताना अडखळत. एखाद्या पोरानं अंदाजानं शब्द पुरा केला की बाई म्हणायच्या, “जे लिहिलंय ते वाच. तुला वाटतंय ते नक्को.”

मी ऑफिसला जाता-येता त्यांच्याकडे टेकू लागले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून कधी विजेचं बिल, कधी आनंदनं पाठवलेला निरोप वाचून दाखवायचा असे. त्या बदल्यात चहा मिळे आणि कधीकधी शिरवलीच्या गोष्टी. गावाचं हे नाव मी बदललेलं आहे. खरं नाव लिहिलं तर तिथल्या काही माणसांना त्रास होईल.

शिरवली समुद्राकाठी. आपल्याकडे अणूपासून वीज करायची सुरुवात झाली, त्या पहिल्या दिवसांत तिथे केंद्र उभं राहिलं. त्याआधी गावात होड्या, नारळाच्या वाड्या आणि एक प्राथमिक शाळा. बाई बी.एस्सी. होऊन तिथे रुजू झाल्या तेव्हा बाविशीच्या होत्या. अणू म्हणजे काय हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, पण प्रत्येकाचं मत तयार होतं. कुणी म्हणे तिथे बाँब करतात. कुणी म्हणे मासे दुसरीकडे निघून जातील. शाळेच्या मास्तरांनी मात्र फळ्यावर चित्र काढून सांगितलं होतं, की आता गावात दिवस-रात्र वीज राहणार. पुढे वीज झाली. तारा गावावरून मोठ्या शहराकडे गेल्या आणि गाव आणखी काही वर्षं कंदिलातच राहिलं. बाई स्वतः केंद्रातून घरी यायच्या आणि कंदिलाची काच पुसायला बसायच्या. हे सांगताना त्या हसायच्या, पण केंद्राला नावं ठेवलेली त्यांना खपत नसत. “आम्ही चालवून दाखवलं,” असं त्या म्हणायच्या. त्या ‘आम्ही’मध्ये साहेब होते, वेल्डर होते आणि झाडूवालेही होते.

त्यांना गावात खोली मिळेना. तीन घरांनी नाही म्हटलं. अणूत काम करणारी बाई घरात नको म्हणून की आडनाव ऐकून, असं मी एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, “ते मी विचारलं नाही. ते मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं.”

चौथं घर चंद्राचं. ती बाईंपेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान, नुकतं लग्न झालेलं, नवरा दामू होडीवर जाणारा. चंद्रानं बाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, मासे खातेस का म्हणून. बाई हो म्हणाल्या. “मग ऱ्हा,” चंद्रा म्हणाली. बाई चार वर्षं त्या घरात राहिल्या.

बाईंचं काम होतं बिल्ल्यांचं. केंद्रात आत जाणाऱ्या प्रत्येकानं छातीवर एक चपटी डबी लावायची, तिच्यात फोटोच्या फिल्मचा छोटा तुकडा. किरणोत्सार जितका जास्त, तितकी फिल्म काळी. महिनाअखेर सगळे बिल्ले बाईंच्या खोलीत यायचे, त्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायच्या, काळेपणा यंत्रावर मोजायच्या आणि कुणाच्या अंगावर किती किरण पडले ते रजिस्टरात लिहायच्या. ठरल्या मर्यादेपर्यंत कुणी पोचला की त्याला काही दिवस आत सोडायचं नाही. तो निर्णय बाईंच्या आकड्यावर व्हायचा. पोरगेल्या वयात एवढी मोठी जबाबदारी, आणि त्यांनी ती कधी हलकी मानली नाही.

पहिल्यांदा केंद्र दुरुस्तीसाठी बंद केलं तेव्हा खूप माणसं लागली. ठेकेदारानं गावातले गडी आणले, त्यांत दामूही होता. त्या दिवसांत समुद्रावर मिळायचं त्याच्या दुप्पट तिथे रोज मिळे. महिना संपला. बाईंनी फिल्म धुतल्या आणि ठेकेदाराच्या माणसांच्या दहा फिल्म एकदम कोऱ्या निघाल्या. महिनाभर आत काम करणाऱ्या माणसाची फिल्म इतकी स्वच्छ नसते. बाई दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराच्या शेडमध्ये गेल्या. तिथे भिंतीवर एक फळी होती, फळीवर दहा खिळे आणि खिळ्यांवर दहा बिल्ले. माणसं केव्हाच आत गेलेली.

मुकादमानं लपवलं नाही. बिल्ला लावला तर मर्यादा भरते, मर्यादा भरली की माणूस घरी बसतो, आणि घरी बसायला कुणालाच नको आहे, असं तो म्हणाला. गड्यांनाही हे मान्य होतं. दामूलाही. संध्याकाळी बाईंनी घरी विचारलं तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला की होडीला नवं इंजिन घ्यायचंय.

बाईंनी वर कळवलं. साहेब वाईट नव्हते असं त्या आवर्जून सांगायच्या. कामाची घाई होती आणि दिल्लीहून कुणीतरी येणार होतं. साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यापासून बघू, या महिन्याचं शून्य लिहून टाका, फिल्म शून्यच दाखवतेय. बाई म्हणाल्या, फिल्म खिळ्याचं शून्य दाखवतेय, माणसाचं नाही. त्यांनी त्या दहा नावांपुढे इंग्रजीत ‘मोजलेले नाही’ असं लिहिलं आणि खाली सही केली. साहेब दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून बाई सकाळी सहाला दरवाज्यावर उभ्या. प्रत्येक गड्याला थांबवून त्या स्वतःच्या हातानं त्याच्या सदऱ्याला बिल्ला लावायच्या आणि त्याचं पूर्ण नाव विचारून वहीत लिहायच्या. परक्या तरुण बाईनं छातीला हात लावून बिल्ला टाचायचा, याची गड्यांना एवढी लाज वाटे, की आठवडाभरात सगळे घरूनच बिल्ला लावून यायला लागले. दुरुस्ती संपेपर्यंत बाईंनी एकही सकाळ चुकवली नाही. एक दिवस त्यांना ताप होता, तो किती होता हेही त्यांच्या लक्षात होतं.

चार वर्षांनी लग्न झालं आणि त्या बदली मागून हैदराबादेत आल्या. इथे अणुभट्ट्यांसाठी इंधन तयार करण्याच्या कारखान्यात तेच काम केलं आणि तिथूनच निवृत्त झाल्या.

त्यांच्या स्वभावाचा आणखी एक नमुना सांगते. नारायणगुड्यात एका सभागृहात अणुऊर्जा हवी की नको यावर चर्चा होती. कुणीतरी ओळखीनं बाईंना बोलावलं, मी सोबत गेले. विरोधात बोलणाऱ्या एका तरुणानं सांगितलं की अशा केंद्रांच्या आसपास घरटी एक माणूस मरतो. बाई उठून उभ्या राहिल्या आणि कुठल्या गावात, कुणी मोजलं, असं विचारलं. तरुण गडबडला. बाजूनं बोलणाऱ्या गृहस्थांनी जोरात टाळी वाजवली. थोड्या वेळानं ते गृहस्थ उठले आणि म्हणाले की धोका शून्य टक्के आहे. बाई पुन्हा उभ्या राहिल्या आणि तोच प्रश्न त्यांनाही विचारला. परत येताना रिक्षात त्या समाधानानं म्हणाल्या, “आता दोघंही बोलवायचे नाहीत बघ.” तसंच झालं.

मागच्याच्या मागच्या वर्षी उन्हाळ्यात, एका दुपारी मी त्यांच्याकडे असताना फोन वाजला. पलीकडे चंद्रा होती. नातवाच्या मोबाइलवरून बोलत होती. अधूनमधून त्यांचं बोलणं व्हायचं, पण त्या दिवशी बाई ऐकत राहिल्या आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. दामू काही वर्षांपूर्वी रक्ताच्या कॅन्सरनं गेला होता, हे मला ठाऊक होतं. चंद्राला आता एवढंच विचारायचं होतं, की तुझ्या बिल्ल्यात दामूचं काय आलं होतं. डॉक्टर म्हणाला होता तंबाखूनं झालं असेल. शहरातून आलेले कार्यकर्ते म्हणाले होते, अणूनंच झालं. केंद्रातल्या माणसांनी चहा पाजून परत पाठवलं होतं. मरायच्या आत मला कळू दे, असं ती म्हणाली.

“फोनवर नाही सांगत मी,” बाई म्हणाल्या. “कागद मिळवते आणि येते.”

त्यांनी कागद मिळवायचं मनावर घेतलं. चंद्राच्या नावानं माहिती अधिकाराखाली अर्ज केला. बाई सांगायच्या, मी लिहायची आणि सहीसाठी तो टपालानं शिरवलीला जायचा. पहिलं उत्तर आलं की ठेकेदाराच्या माणसांची माहिती स्वतंत्र ठेवलेली नाही. बाईंनी दुसरा अर्ज केला. उत्तर आलं, बिल्ल्याचा क्रमांक कळवा. “सत्तेचाळीस,” बाई क्षणभरही न थांबता म्हणाल्या. “मीच दिला होता.” तिसरा अर्ज गेला. आठ महिने यात गेले. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तर त्यांनी दवाखान्यातून मला फोन करून पोस्टमन येऊन गेला का ते विचारलं.

शेवटी एक पान आलं. कॉम्प्युटरवर छापलेला तक्ता, दामूचं नाव, महिने आणि पुढे आकडे. बाई नव्या डोळ्यांनी स्वतः वाचत होत्या. बोट हळूहळू खाली सरकत होतं. एका ओळीवर ते थांबलं. त्या महिन्यापुढे शून्य होतं.

“हे माझं नाही,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं कुणीतरी मुद्दाम बदललं. मी तावातावानं तसं बोललेही. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं की जुन्या वह्या कॉम्प्युटरमध्ये भरतात तेव्हा नेमकं काय करतात. मी सांगू लागले आणि सांगता सांगता माझा आवाज उतरला. आकड्यांच्या रकान्यात शब्द चालत नाहीत. तिथे काही आलं नाही, किंवा शब्द आला, तर पुष्कळदा आम्ही शून्य भरून मोकळे होतो. पुढचा हिशेब अडू नये म्हणून.

“तू भरतेस?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी पानाची घडी घालून ते पाकिटात ठेवलं. मग म्हणाल्या, “गाडीचं तिकीट बघ. मला शिरवलीला जायचंय.”

आनंदनं बंगळुरूहून खूप विरोध केला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी, एवढ्या लांब. जे सांगायचं ते व्हिडिओवर सांग, तो म्हणाला. बाईंनी त्याला शांतपणे सांगितलं की चंद्रानं मला घरात घेतलं तेव्हा फोनवरून घेतलं नव्हतं. मला तसंही भावाच्या लग्नासाठी पुण्याला जायचं होतं. मी चार दिवस आधी निघाले आणि त्यांच्यासोबत गेले. निघण्याआधी बेगम बाजारातून चंद्रासाठी त्यांनी किलोभर गुंटूर मिरची घेतली. नामपल्लीहून गाडी, मग दोन बस. दुसऱ्या बसमध्ये बाई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. केंद्राचे घुमट दिसले तेव्हा त्यांनी मला कोपरानं ढोसलं, माहेरचं घर दाखवावं तसं.

चंद्राचं घर आता सिमेंटचं होतं. ती अंगणात बसली होती, वाळलेली, पण आवाज खणखणीत. दोघींनी एकमेकींचे हात धरले. चंद्रानं मिरची हुंगून बाजूला ठेवली. मग बाई खुर्चीवर बसल्या, पिशवीतून तो कागद काढला आणि एकेक ओळ वाचून दाखवली. या महिन्यात इतकं, हे कमी आहे, मर्यादेच्या पुष्कळ आत. या महिन्यात इतकं, हेही कमी. मग त्या ओळीवर आल्या.

“इथे शून्य लिहिलंय. ते खरं नाही. त्या महिन्यात दामूचा बिल्ला शेडमध्ये खिळ्यावर होता. तो आत होता. त्याच्या अंगावर किती पडलं ते कुणी मोजलं नाही.”

चंद्रा ऐकत होती. बाई पुढे म्हणाल्या की असा आजार अणूच्या जवळही न गेलेल्या माणसांना होतो, आणि किरणांमुळेही होऊ शकतो. त्या एका महिन्यानं झाला असेल असं मी सांगू शकत नाही. नसेल असंही सांगू शकत नाही.

“म्हंजे तुला ठाव नाय,” चंद्रा म्हणाली.

“नाही.”

“एवढं सांगाया हैदराबादशी आलीस?”

“हौ.”

चंद्रानं पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं ती आता रडेल किंवा चिडेल. ती म्हणाली, “आतापर्यंत जो आला त्यो ठाव असल्यावानी बोलला. मला वाटायचं, सगल्यांना कलतं, मलाच कलत नाय.”

मग बाईंनी आणखी एक कागद काढला. हैदराबादेत त्यांनी तो स्वतःच्या हातानं मराठीत आणि इंग्रजीत लिहिला होता. त्या महिन्यात दहा माणसांचे बिल्ले वापरले गेले नाहीत, मी त्यांच्यापुढे ‘मोजलेले नाही’ अशी नोंद केली होती, छापलेलं शून्य चुकीचं आहे. खाली पूर्ण नाव, त्या वेळचा हुद्दा, सही, तारीख. एक प्रत चंद्राला दिली आणि एक त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राच्या दरवाज्यावर नेऊन दिली. तिथला अधिकारी नातवाच्या वयाचा होता. त्यानं नम्रपणे सांगितलं की इतकी जुनी नोंद बदलता येणार नाही. बाई म्हणाल्या, बदलू नका, हा कागद त्या नोंदीजवळ ठेवा. पोच मिळेपर्यंत त्या बाकावरून हलल्या नाहीत. दोन तास लागले. पोच मिळाली.

बाई अजून दोन दिवस राहणार होत्या. मग आनंद येऊन त्यांना नेणार होता. तो त्यांना हैदराबादला नेण्याऐवजी थेट बंगळुरूलाच घेऊन गेला. मलकपेठचं घर नंतर त्यानं रिकामं केलं. फोनवर आमचं बोलणं होत राहिलं. या वर्षी थंडीत, अंघोळ करून खुर्चीत बसल्या असताना त्या गेल्या. मला वेळेवर पोचता आलं नाही.

म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते शिरवलीतच. मला दुपारची बस गाठायची होती. मी पिशवी उचलून अंगणात आले तेव्हा कुंपणापाशी तीन म्हाताऱ्या उभ्या होत्या. चंद्रानं सकाळपासून गावात सांगितलं असणार. खिळ्यावर बिल्ले ठेवणाऱ्या त्या दहांतल्या, दामूखेरीज उरलेल्या नऊ जणांपैकी कुणाच्या तरी बायका होत्या त्या, आत यावं की नाही अशा घुटमळत. चंद्रानं त्यांना हाक मारली. बाईंनी चष्मा लावला, आपली खुर्ची सरकवून सावलीत जागा केली आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, आता तू नीघ म्हणून. मी रस्त्याला लागले. वळणावर मागे पाहिलं, तर पहिली बाई खाली बसली होती, काहीतरी सांगत होती, आणि वाघमारेबाई गुडघ्यांवर हात टेकून, तिच्याकडे वाकून ऐकत होत्या.